झोळीतली सतापाची डहाळी

१

हे सगळं मला आठवतं आहे, की वारंवार आठवून मी ते नव्याने रचलं आहे, याची खात्री मला देता येत नाही. माझं वय आता ऐंशी आहे. गेल्या महिन्यात मी रिकामं पातेलं गॅसवर ठेवून पेपर वाचत बसलो होतो. जळका वास आला तेव्हा शेजाऱ्यांकडे काहीतरी करपतंय म्हणून मी माझीच खिडकी लावून घेतली. अशा माणसाने आठ वर्षांपूर्वीची हकीकत कितपत ठामपणे सांगावी?

तरी वासाच्या बाबतीत माझी चूक होणार नाही. सतापाचा वास. काहींना तो उग्र वाटतो, डोकं दुखतं म्हणतात. मला तो संत्र्याची साल आणि ओलं खोबरं एकत्र चुरल्यासारखा वाटतो. निळसर हिरवी बारीक पानं, वर पिवळी फुलं. आमच्या अंगणात ते रोप एका फुटक्या माठात होतं. माझी बायको खैरुन हिने लावलेलं. ती २०१२ साली गेली. त्यानंतर रोज सकाळी त्याला दोन तांबे पाणी घालणं एवढंच मी तिच्यासाठी करत होतो.

खैरुन त्या पानांचं बरंच काही करायची. लहान मुलाला सर्दी झाली की पान तव्यावर गरम करून छातीला शेकायची. आकडी येऊ नये म्हणून पुडी करून उशाखाली ठेवायची. स्वतःचं पोट दुखलं की काढा करून प्यायची. साप येत नाही म्हणायची, आणि साप कधी आला नाही हेही खरं, पण तो शेजाऱ्यांकडेही आला नव्हता. मी हसायचो. माझी सगळी नोकरी सिंदेवाहीला भाताच्या रोगांवर काम करण्यात गेली. पानावरचा डाग पाहून रोग सांगायचा, हे माझं काम. मोहल्ल्यात मला 'धानाचा डॉक्टर' म्हणत. तापाची गोळी मागायला येणाऱ्याला मी सांगायचो, बाबा, तुझ्या अंगावर करपा पडला तर ये.

२

२०१६च्या जानेवारीत माझी नात अदीबा जन्मली. माझा मुलगा मोहसीन चंद्रपूरला नोकरीला, शनिवारी रात्री यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. सून अमरीन हिची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून बाळंतपण माहेरी न होता आमच्याकडे झालं. घरात आम्ही तिघं. बाळाला न्हाऊमाखू घालायला जंगलाकडच्या टोल्यावरून, म्हणजे छोट्या वस्तीवरून, सोमारीबाई यायची. पन्नाशीची, काटक, गोंड बाई. त्या भागातली निम्मी मुलं तिच्या पायांवर न्हालेली.

रोज साडेनऊला सोमारीबाई यायची. मधल्या खोलीत छताच्या कडीला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली होती, त्यातून बाळाला उचलायची, अंगणात आणायची, पाय पसरून बसायची आणि तेल लावायची. हे पूर्वी खोलीत दार लावून व्हायचं. अंगणात, उन्हात, ही माझी सुधारणा. कोवळ्या उन्हाने हाडं घट्ट होतात हे मी वाचलं होतं, आणि माझं ऐकलं जाईल असा घरात तो एकच विषय उरला होता.

"भाऊ, ऊन कोवळं कुठी राह्यलं? दहा वाजून राह्यले," सोमारीबाई म्हणायची.

"पंधरा मिनिटं. घड्याळ लावतो मी."

"लावा बापा. धान वाळवाले टाकल्यावानी लेकरू वाळवून राह्यलो आपण."

अमरीन आतून हसायची. तो महिना चांगला गेला. मला वाटतं, चांगला गेला.

एका सकाळी बाळाला बाहेर नेल्यावर मी झोळीतली दुपटी काढत होतो. तळाशी सतापाची डहाळी होती. तीन-चार पानांची, ताजी, थोडी चुरगळलेली. सोमारीबाईने ठेवली असणार. त्यांच्यात बाळाला असं काही करत असतील. मी ती होती तशी ठेवून दिली. मला स्वतःचं कौतुकही वाटलं, की मी शिकलेला माणूस असून दुसऱ्याच्या रीतीत नाक खुपसलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवी डहाळी होती. तिसऱ्या दिवशीही. माठातल्या रोपाची घराकडची बाजू विरळ होत चालली होती. फक्त खालच्या फांद्या. वरच्यांना कुणी हात लावला नव्हता.

३

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अमरीनने मला हाक मारली. तिच्या हाकेत काहीतरी होतं, मी चष्मा न घेता गेलो आणि पुन्हा परत येऊन चष्मा घेतला.

अदीबा पालथी होती. तिच्या पाठीवर, उजव्या खवाट्याच्या खाली लाल डाग उठला होता. कडेला दोन बारीक फोड.

"गरमीचं असेल, बेटा," मी म्हणालो.

"अब्बा, नीट बघा ना."

मी डाग पाहणारा माणूस. आधी कड पाहायची, मग मध्य, मग पसरण्याची दिशा. कड स्पष्ट होती. मध्यभाग गोलसर. तिथून पाच फाटे फुटले होते, चार एका बाजूला, एक वेगळा. मी ते पाहिलं आणि मला त्याचं नाव सुचलं नाही. खरं सांगतो, सुचलं नाही. अमरीननेच ते म्हटलं.

"हात आहे हा."

तो हात माझ्या अंगठ्याएवढा होता.

चार दिवसांत लाली जाऊन डाग तपकिरी झाला, आणि कमरेच्या वर दुसरा उठला. तसाच. या वेळी बोटं जवळजवळ होती, घट्ट धरल्यासारखी. अदीबा रडत नव्हती, हे मला जास्त लागायचं. फोड आलेल्या जागी कापूस लावला तरी ती शांत असायची. तिची नजर आपल्यावर नसायची, आपल्या थोडी बाजूला असायची. पण महिन्याच्या बाळाची नजर अशीच असते, असं मी वाचलं होतं.

त्या दिवशी झोळीतली डहाळी अमरीनला सापडली.

सोमारीबाई दारात चप्पल काढत होती.

"बाई, हात दाखव तुझे," अमरीन म्हणाली.

"काऊन?"

"दाखव आधी."

सोमारीबाईने हात पुढे केले. रुंद, भेगाळलेले, तेलाने मऊ झालेले. त्या तळव्यात बाळाच्या पाठीवरचे ते दोन्ही हात मावले असते. आम्हा तिघांनाही ते दिसत होतं.

"काय लावते तू माझ्या मुलीला? हे झोळीत काय ठेवते?"

"मी काई नाई लावत. तुमचंच तेल लावतो. दिसत नाई का?" मग ती माझ्याकडे वळली. "भाऊ, मले असं काऊन पाहून राह्यले तुमी? मी काय जादूटोणा करणारी हाव का? असा शब्द एकदा बाहेर गेला त मले कोनी दारात नाई उभं करनार. माह्यं पोट याच्यावर हाय. तुमी बोला न काई."

मी बोलायला हवं होतं. हात जुळत नाही, एवढं तीन शब्दांचं वाक्य होतं. पण डहाळीही तिनेच ठेवली होती असं मला वाटत होतं, आणि बाळ माझं होतं.

"सोमारीबाई," मी म्हणालो, "थोडे दिवस येऊ नका."

ती चप्पल घालून गेली. फाटकाची कडी तिने नीट लावली. पुढे मोहल्ल्यात कुणीच तिला बोलावेनासं झालं, ते मला महिन्याभराने कळलं. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. अमरीननेही नाही. असं ती म्हणते.

४

त्यानंतरच्या मंगळवारी झोळीत डहाळी होती.

मी ती अमरीनला न दाखवता खिशात घातली. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही मीच ठेवली असणार. मी रोज पाणी घालायला जातो. हात सवयीने पान तोडत असेल. खैरुन मुलांच्या उशाखाली ठेवायची, ते कुठेतरी डोक्यात राहिलं असेल. विसरणाऱ्या माणसाला हा विचार सोपा पडतो, प्रत्येक गोष्टीचं उत्तर आपणच असतो.

म्हणून मी पाणी घालणं सोडलं. अंगणात गेलोच नाही. बाळाला उन्हात आता अमरीन न्यायची. बुधवारी, गुरुवारी मी मधल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसलो, समोर झोळी, हातात पेपर. मला डुलकी लागली नसेल असं नाही. दोन्ही दिवस डहाळी होती. गुरुवारी तर तिला पिवळी फुलं होती.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाहून परत आलो, तेव्हा दीड वाजला असेल. भर दुपार. खिडक्या उघड्या, अंगणाचा उजेड भिंतीवर. अमरीन न्हाणीघरात होती, बादली भरल्याचा आवाज येत होता. अदीबा झोळीत झोपलेली. झोळी अगदी संथ होती.

खिशातून रुमाल काढताना माझा चष्मा पडला आणि झोळीखाली गेला. मी गुडघे टेकले. चष्मा सापडला, डोळ्यांना लावला आणि उठण्याआधी वर पाहिलं.

झोळी मला खालून दिसत होती. लुगडं जुनं, पातळ झालेलं, त्यातून खिडकीचा उजेड येत होता. बाळाच्या वजनाचा फुगवटा काळसर दिसत होता. त्याच्या शेजारी दुसरा होता. दुपटं गोळा झालं असेल, मी मनात म्हटलं. तेवढ्यात दुसऱ्या फुगवट्यापासून कापडाला पाच टोकं उमटली. आतून. ती कापडावरून हळूहळू सरकत पहिल्या फुगवट्याकडे गेली, आणि त्याच्या पाठीशी जाऊन थांबली. पांघरूण सारखं करताना आपण थांबतो, तसं.

अदीबाचाच हात, दुसरं काय असणार? मी उठलो आणि झोळीत पाहिलं.

तिच्या दोन्ही मुठी कानांजवळ होत्या. ती झोपलेली होती. दुपटं तिच्या पायाशी होतं, सपाट. मानेशेजारी सतापाची डहाळी होती, इतकी ताजी की देठाला पाणी दिसत होतं.

मी अदीबाला उचललं आणि बाहेर आलो. झोळीकडे परत पाहिलं नाही. मागे कडी करकरली, पण ती कडी नेहमीच करकरायची.

५

मोहसीनला फोन केला. मी काय पाहिलं ते सांगितलं नाही, फक्त डाग वाढले म्हणालो. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे नागपूरला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण डॉक्टर, हसरे. त्यांनी पाठ पाहिली आणि विचारलं, "घरात लिंबाचं झाड? किंवा सताप?"

माझी मान आपोआप हलली.

"हा रस अंगाला लागला आणि वर ऊन पडलं, की भाजल्यासारखं होतं. लगेच नाही होत, एक-दोन दिवसांनी उठतं. म्हणून कुणाला संबंध कळत नाही. डाग महिने-महिने राहतो. ऊन कोण देतं बाळाला?"

"मी," मी म्हणालो. "म्हणजे, मी सुरू केलं."

"मग बंद करा. अंधाऱ्या खोलीत लावला असता तर कदाचित काहीच झालं नसतं."

"पण हा आकार, डॉक्टर?"

"ज्याच्या हाताला रस लागला होता त्याचा ठसा."

"एवढा लहान?"

ते हसले. "माणूस बाळाला पूर्ण पंजाने धरत नाही, सर. बोटांच्या टोकांनी धरतो. किंवा तिचाच हात असेल."

"स्वतःच्या पाठीवर?"

"मघाशी म्हणालात, तुम्ही भाताचे शास्त्रज्ञ ना?" ते लिहिता लिहिता म्हणाले. "ढगात पाहिलं की हत्तीही दिसतो. ते झाड काढून टाका. घरात बायका-मुलं आहेत. गर्भार बाईच्या पोटात तर हे चुकूनही जाता कामा नये, गर्भ पडतो."

मोहसीन मलमाचं नाव विचारत होता. अमरीनने अदीबाचं झबलं घालायला घेतलं आणि बटण लावताना तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

आदल्या वर्षी रमजानच्या आधीच्या आठवड्यात अमरीन विश्रांतीला आमच्याकडे आली होती. दिवस गेले होते, उलट्या होत होत्या, पोटात कळ यायची. सांभाळायला घरात दुसरी बाई नव्हती. मी खैरुनची आठवण काढून सतापाचा काढा केला. गूळ घातला. सकाळ-संध्याकाळ, आठ दिवस. दोनदा ती नको म्हणाली. मी म्हणालो, बेटा, साधं झाड आहे, मी शिकलेला माणूस आहे, तुला वाईट काही देईन का?

दवाखान्यातून परतताना गाडीत मी स्वतःला सांगत होतो की अदीबा तर झाली. धडधाकट झाली. मग काय?

सोमवारी मोहसीनने माठासकट रोप उपटून जाळलं. त्या धुराचा वास आठवडाभर घरात होता. अमरीन बाळाला घेऊन त्याच्यासोबत चंद्रपूरला गेली. तिकडे पुन्हा डाग उठले नाहीत. आधीचे दोन दिवाळीपर्यंत पुसट झाले. झोळी मी सोडली नाही. स्टूलवर चढायला माझे गुडघे साथ देत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगितलं.

६

सहा वर्षं मी सोमारीबाईकडे गेलो नाही. करोनाच्या दोन्ही लाटांतून मी वाचलो, तेव्हा हे एक काम उरलं आहे असं वाटलं. ती आता आलापल्लीच्या पुढे मुलीकडे राहते असं कळलं. २०२२च्या हिवाळ्यात मी गाडी करून गेलो.

ती अंगणात मोहाच्या बिया फोडत बसली होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"या भाऊ. म्हातारे झाले तुमी. मले वाटलं तुमी अगोदरच म्हातारे होते."

मी बाजेवर बसलो आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं. की डाग झाडाच्या रसाने उठले होते, उन्हात न्यायचं मी ठरवलं होतं, तिचा दोष नव्हता. फक्त डहाळी ठेवली नसती तर बरं झालं असतं, पण त्यांच्या रीतीप्रमाणे तिने ठेवली असेल, तिला तरी काय माहीत.

तिच्या हातातला दगड थांबला.

"मी कुठी ठेवली?"

"झोळीत. रोज."

"मी नाई ठेवली. ते तं मले रोज पडलेली दिसे. मी म्हणलो तुमच्या मुसलमानाईत असं करत असतीन. मोठ्या घरचं, आपण काऊन बोलाव?" ती मुलीकडे वळली. "आपल्या इकडं ते झाड हाय का वं? मी तं नावही त्याईच्याच घरी ऐकलं."

मुलीने नाही म्हणून मान हलवली. मी तिची रीत समजलो, तिने माझी समजली, आणि दोघंही आपण किती समजूतदार म्हणून गप्प बसलो.

पुढची बी दगडाखाली ठेवत तिने विचारलं, "लेकरू कसं हाय?"

"छान आहे. पहिलीत आहे."

"आन् ते दुसरं?"

"दुसरं कोण? एकच आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खोटं बोलतोय का, ते ती पाहत होती. मग बिया बाजूला सारून आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, मी तीस वर्सं लेकरं उचलली. एका लेकराचं वजन मले समजते. अदीबाले झोळीतून काढलं न, तरी झोळी वर नाई जाये. तशीच खाली ताणलेली राहे. मले दिसलं काईच नाई कधी, खोटं नाई बोलत. पण मी ते झोळी रिकामी समजून कधी नाई हलवली. बाहेर जाताना एक हात लावून जाये, बापा, झोप म्हणून. तुमाले मालूम असंन, असं वाटे मले. तुमी बोलत नाई, त मी काऊन बोलाव?"

चहा आला. मी तो प्यायलो असेन.

परतीच्या वाटेवर सागाच्या जंगलात फोनला रेंज नव्हती. सिंदेवाहीला पोचल्यावर मी अमरीनला फोन लावला. अदीबाच्या वेळी दिवस गेले तेव्हा पहिल्या महिन्यांत काही झालं होतं का, एवढंच विचारलं. का विचारतोय ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. तिकडे तिने टीव्ही बंद केला.

"पहिल्या सोनोग्राफीत काय दिसलं ते तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं, अब्बा. नजर लागते म्हणून," ती म्हणाली. "जुलैच्या सोनोग्राफीत एकच होतं. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, कुणाचा दोष नसतो. मग मी तो विषय बंद केला."

त्या रात्री तिने पहिल्या सोनोग्राफीच्या कागदाचा फोटो पाठवला. तारीख २८ मे २०१५, काढ्याच्या दोन आठवडे आधीची. गर्भ दोन. हृदयाचे ठोके मिनिटाला एकशे अठ्ठावन्न आणि एकशे एकसष्ट.